विठ्ठलवाडीतली हस्तिदंती तसबीर

* हस्तिदंती तसबीर : लेखकाच्या विठ्ठलवाडीच्या घरातली ही तसबीर तैलचित्र नव्हे. चित्रकार जेम्स वेल्सने पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस यांना तैलरंगात रंगवले, तेही मोठ्या आकारात. ही मात्र तळहातावर मावते. हस्तिदंताचा अगदी पातळ तासलेला पापुद्रा आणि त्यावर गोंदात कालवलेले जलरंग. चेहरा सूक्ष्म ठिपक्यांनी भरत आणि गालावर रंग इतका विरळ ठेवत, की खालचा हस्तिदंत झळकून कांती आतून उजळल्यासारखी वाटते. या कलेचे सारे वैभव त्यातच आहे. अस्सल चित्रात भिंगाखाली कुंचल्याचे ठिपके लहानमोठे दिसतात. छापील नकलेत ते एकसारख्या रांगांत येतात. १८३९ नंतर छायाचित्रण पसरले आणि ही कला मागे पडली. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने पापुद्रा वाकतो, तडकतो. शंभर वर्षांहून जुने चित्र १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. हस्तिदंताच्या व्यापारावरही बंदी आहे. वारशाने अशी तसबीर आली असेल, तर वाचकांनी ती ओल्या फडक्याने कदापि पुसू नये. रंग पाण्याबरोबर निघून जातो.