पर्यावरणीय अर्हता, अणुविद्युत् केंद्रांतील उपकरणांची

शीतक वाहिनी फुटून संरोधक इमारत तप्त बाष्पाने व प्रारणाने भरली असताही ज्या केबली, झडपांची चालकयंत्रे आणि दाबमापके कार्यक्षम राहिलीच पाहिजेत, ती आपल्या हयातीच्या अखेरीसही तशी राहतील, हे सिद्ध करण्याची पद्धती. नमुन्यास उष्णतेने व गॅमा किरणांनी कृत्रिम वार्धक्य आणून, भूकंपसदृश कंपने देऊन, शेवटी अपघातकालीन बाष्पात ठेवतात. हा क्रम परीक्षेचा प्राण होय, कारण नव्या केबलीचे यश ठिसूळ झालेल्या आवरणाची हमी देत नाही. कंपनपरीक्षेसाठी बंगळूरच्या केंद्रीय विद्युत् संशोधन संस्थेत त्रिअक्षीय कंपनमंच आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या (१९६९) या विषयाच्या १९७४ च्या सुप्रसिद्ध अमेरिकी मानकाहून जुन्या. अशा ठिकाणी अर्हतेचा प्रश्न जीर्णतेवरील अखंड देखरेखीशी निगडित होतो.