यवनांच्या मुलखात एक दिवस

‘यवन’ हा शब्द मराठी मुसलमानाला शाळेतच भेटतो. बखरींत, पोवाड्यांत, ऐतिहासिक कादंबऱ्यांत यवन म्हणजे मुसलमान. यवनांची फौज, यवनी अंमल, यवनांचा जुलूम. वर्गात हा शब्द आला की दोन-चार माना मागे वळतात आणि आपले पोर वहीत डोके खुपसून बसते. त्याला कुणी सांगत नाही की बाबा रे, हा शब्द मुळात तुझा नाहीच. तो ग्रीकांचा आहे.

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा प्रदेश होता. तिथे ग्रीकांची शहरे होती. प्राचीन इराणच्या बादशहांची गाठ आधी या ग्रीकांशी पडली, म्हणून त्यांनी साऱ्याच ग्रीकांना ‘यौना’ म्हटले. अरबीतला यूनान, पालीतला योन आणि संस्कृतातला यवन हे सगळे याच गोतावळ्यातले. आपल्या सह्याद्रीच्या लेण्यांत हा शब्द मूळ अर्थाने कोरलेला आजही वाचता येतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातले कित्येक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान केले, असे त्या खांबांवरच लिहिले आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. नाशिकच्या पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त या यवनाने अख्खे लेणे खोदवून घेतले. ही दानशूर मंडळी इस्लामच्या उदयाआधी सुमारे पाचशे वर्षांची. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या परक्यांना हेच नाव चिकटत गेले आणि अखेर ते मुसलमानावर येऊन थांबले.

याच शब्दाचे दुसरे रूप मात्र आपल्या घरात मानाने वावरत होते : यूनानी. हकीमसाहेबांचा जोशांदा, खमीरा, माजून. अरस्तू, अफलातून, सुकरात, बुकरात, जालीनूस ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अशी असत की जणू हे सगळे बगदादकडचेच कुणी बुजुर्ग. मराठीने तर अफलातूनचे विशेषण करून टाकले. ‘अफलातून झालंय बुवा’ म्हणणारा प्लेटोचे अरबी नाव घेत असतो, याचा त्याला पत्ताही नसतो.

तेव्हा यवनही आपण आणि यूनानीही आपलीच, असा हा दुहेरी वारसा घेऊन त्या मुलखात एकदा जावे, असे फार दिवस मनात होते. अथेन्सहून खासगी गाडी ठरवून भल्या सकाळी निघाले की कोरिंथ, मायसिनी, नाफ्प्लियो आणि एपिडॉरस अशी चार ठिकाणे पाहून रात्रीपर्यंत परतता येते. मोठ्या बसच्या सहलीही असतात. पण त्यांत ‘जरा त्या पडक्या मशिदीपाशी थांबा’ म्हणायची सोय नसते. प्राचीन स्थळाच्या फाटकाच्या आत माहिती सांगण्याचा परवाना तिथे फक्त रीतसर गाइडला असतो, ड्रायव्हर बाहेरच थांबतो. म्हणजे वेगळा गाइड केला नाही, तर आतल्या दगडांशी आपली ओळख आपणच करून घ्यायची. एका परीने ते बरेच.

अथेन्सपासून साधारण ८० किलोमीटरवर कोरिंथचा कालवा लागतो. रोमन बादशहा नीरोने इ.स. ६७ मध्ये त्याची कुदळ मारली आणि तो पुरा झाला १८९३ मध्ये. पुलावर उभे राहून खाली पाहायचे, छायाचित्र काढायचे आणि निघायचे. त्याहून जास्त तिथे काही नाही.

जुन्या कोरिंथमध्ये अपोलोच्या देवळाचे सात खांब उभे आहेत. एकेक खांब अखंड दगडाचा, अडीच हजार वर्षांपूर्वीचा. हे शहर रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये जमीनदोस्त केले आणि शंभरेक वर्षांनी ज्यूलियस सीझरने पुन्हा वसवले. संत पॉल इथेच राहिला आणि इथल्याच चौथऱ्यापुढे रोमन सुभेदारासमोर उभा केला गेला. हे सारे फलकांवर व्यवस्थित लिहिलेले आहे. पण मान वर केली की मागे ५७५ मीटर उंचीचा ॲक्रोकोरिंथ हा डोंगरी किल्ला दिसतो. घाईच्या सहली तिथे चढत नाहीत. आपण चढावे. एकामागून एक तीन दरवाजे, त्यांत ग्रीक, बायझंटाइन, फ्रँक, व्हेनिशियन आणि उस्मानी अशा सगळ्यांची चिरेबंदी एकमेकांत गुंतलेली. रायगड-दौलताबाद पाहिलेल्या माणसाला हे बांधकाम परके वाटत नाही. उस्मानी तुर्कांनी हा किल्ला १४५८ मध्ये घेतला. मधली १६८७ ते १७१५ ही व्हेनिसची वर्षे सोडली तर १८२१ च्या उठावापर्यंत तो त्यांच्याकडे होता. आत गवतात मशिदीचे अवशेष आहेत. एवलिया चेलेबी हा उस्मानी प्रवासी सतराव्या शतकात या भागात फिरला, तेव्हा त्याने गावोगावच्या मशिदी, हमाम आणि कारंजी यांची वर्णने लिहून ठेवली. त्यातले आज फार थोडे शिल्लक आहे.

मायसिनीत काळ एकदम मागे जातो. सिंहद्वार इ.स.पू. १२५० च्या सुमाराचे. १८७६ मध्ये हाइनरिश श्लीमानला इथल्या कबरींत सोन्याचा मुखवटा सापडला. तो ट्रॉयच्या युद्धातल्या आगामेम्नॉन राजाचा म्हणून जगभर गाजला, पण तो त्या मानलेल्या काळाच्या निदान तीनशे वर्षे आधीचा आहे. मला जास्त गुंतवून ठेवले ते जवळच्या ‘ॲट्रियसचा खजिना’ म्हणवल्या जाणाऱ्या थडग्याने. साडेतेरा मीटर उंचीचा घुमट, पण कमानीच्या तत्त्वावर नाही. दगडाचा एकेक थर थोडा थोडा आत सरकवत वर मिटवलेला. दारावरची आतली तुळई सुमारे १२० टनांची एकच शिळा. गोलघुमटाचे कौतुक करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच्या या तीन हजार वर्षांनी वडील असलेल्या चुलत्याखाली एकदा उभे राहावे. दाराशी हिरव्या दगडाचे नक्षीदार खांब होते, ते आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मोरियाचा उस्मानी सुभेदार वेली पाशा याने ते एका आयरिश सरदाराला देऊन टाकले. आपल्या हुकमतीखालच्या लोकांच्या पूर्वजांची ही चीज आहे, असे त्याच्या मनात आलेले दिसत नाही. ग्रीकांनी उस्मानी खुणा पुसल्या, ही तक्रार करताना वेली पाशाही लक्षात ठेवायला हवा.

नाफ्प्लियो हे समुद्रकाठचे देखणे शहर. १८३४ पर्यंत स्वतंत्र ग्रीसची राजधानी इथे होती. इथे दुपारचे जेवण उरकतात आणि पालामिदी किल्ल्याकडे बोट दाखवतात. मुख्य चौकापाशी एक भक्कम, घुमटाची दगडी इमारत आहे. तिला ‘वुलेफ्तिको’ म्हणतात, म्हणजे कायदेमंडळाची जागा. उठाव करणाऱ्या ग्रीकांची संसद १८२५-२६ मध्ये इथे बसली आणि ज्याने तो उठाव लढवला त्या कोलोकोत्रोनिसवर १८३४ मध्ये राजद्रोहाचा खटलाही इथेच चालला. मूळची ही अठराव्या शतकातली मशीद. त्याच चौकातल्या दुसऱ्या मशिदीची आधी शाळा झाली, पुढे सिनेमागृह झाले. मला या दोन्ही इमारतींचा राग आला नाही. संसद आणि शाळा होणे हे काही वाईट नशीब नव्हे. चुन्याच्या भट्टीत जाण्यापेक्षा तर खचितच नव्हे. प्रश्न इमारतींचा नाही, तिथे नमाज पढणाऱ्या माणसांचा आहे.

ती कुठे गेली? १८२१ मध्ये मोरियाची उस्मानी राजधानी त्रिपोलित्सा पडली, तेव्हा तिथल्या हजारो मुसलमान आणि यहुदी रहिवाशांची बायकामुलांसह कत्तल झाली. पुढच्याच वर्षी उस्मानी फौजेने किऑस बेटावर हजारो ग्रीकांना कापले आणि गुलाम केले. दोन्ही बाजूंच्या शाळांत यातली एकेकच गोष्ट ठळक करून शिकवली जाते, हे आपल्याला नवे नाही. उरलेल्यांचा निकाल १९२३ मध्ये लोझानला लागला. तुर्कस्तानातले सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणि ग्रीसमधले साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानात, अशी माणसांची अदलाबदल ठरली. कसोटी एकच, धर्म. भाषा कुणी विचारली नाही. क्रीट बेटावरचे मुसलमान घरात, बाजारात ग्रीकच बोलत. त्यांना ‘तुर्क’ ठरवून ज्या देशाची भाषा येत नाही तिथे पाठवले. अनातोलियातले करामानली ख्रिस्ती तुर्की बोलत, त्यांना ‘ग्रीक’ म्हणून इकडे आणले. आमचा ड्रायव्हर सांगत होता, त्याची आजी कापादोकियाहून आलेली. मरेपर्यंत दुआ तुर्कीत मागायची, आणि गल्लीतली मुले तिला तुर्कीण म्हणून चिडवायची. मराठीत बोलणाऱ्या, मराठीत स्वप्ने पाहणाऱ्या आणि तरी ‘तुमची मातृभाषा उर्दू ना?’ या प्रश्नाला जन्मभर उत्तरे देणाऱ्या माणसाला ही गोष्ट अर्ध्यातच कळते.

(अथेन्समध्ये सरकारमान्य मशीद पुन्हा सुरू व्हायला २०२० साल उजाडावे लागले. तिला मिनार नाही. त्याच वर्षी इस्तंबूलचे आया सोफिया संग्रहालयाचे पुन्हा मशीद झाले. दोन्ही बातम्या शेजारी ठेवून वाचाव्यात.)

दिवसाचा शेवट एपिडॉरसला. हे ॲस्क्लेपियसचे, म्हणजे आरोग्याच्या देवाचे ठाणे. दूरदूरचे रोगी इथे येत, स्नान करून शुद्ध होत, नवस बोलत आणि रात्री एका लांबट दालनात झोपत. स्वप्नात देव येऊन इलाज सांगेल, नाहीतर हात फिरवून बरे करील, ही श्रद्धा. बरे झालेल्यांच्या हकिकती शिलांवर कोरून लावलेल्या असत आणि त्यांतल्या काही इ.स.पू. चौथ्या शतकातल्या शिला सापडल्या आहेत. पाच वर्षे गरोदर राहिलेल्या बाईपासून आंधळ्या-पांगळ्यांपर्यंत सगळे त्यांत आहेत. त्या दालनाच्या जोत्यावर बसलो आणि बुलढाण्याजवळचे सैलानीबाबा आठवले, गुजरातेतले मीरा दातार आठवले; तिथेही माणसे रात्र काढतात, स्वप्नातल्या हुकमाची वाट पाहतात. ज्यांना हे शिर्क वाटते त्यांना वाटो, ज्यांना अडाणीपणा वाटतो त्यांनाही वाटो. औषधाने हात टेकलेल्या माणसाची रात्र मात्र दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही.

याच देवळांच्या सावलीत वैद्यकही वाढले. जालीनूस, म्हणजे गॅलेन, हा पर्गामॉनचा. बापाला स्वप्न पडले म्हणून त्याने मुलाला वैद्यकीला घातले आणि गॅलेन स्वतःला ॲस्क्लेपियसचा सेवक म्हणवी. त्याचे ग्रंथ नवव्या शतकात बगदादला हुनैन इब्न इसहाकने अरबीत आणले. हुनैन हा ख्रिस्ती, आश्रय देणारे खलिफा मुसलमान, लेखक मूर्तिपूजक. गॅलेनच्या एका ग्रंथासाठी तो इराक, शाम, फिलस्तीन पालथे घालत अलेक्झांड्रियापर्यंत गेला आणि त्याला निम्माच ग्रंथ मिळाला, तोही दमास्कसला. गॅलेनच्या शरीरशास्त्रावरच्या एका मोठ्या ग्रंथाचा उत्तरार्ध आज केवळ अरबीतच शिल्लक आहे. मूळ ग्रीक हरवले. बुकरातची, म्हणजे हिप्पोक्रेटसची, वैद्यांसाठीची शपथही अरबीत आली. तिच्यात आरंभीच्या देवांच्या जागी अल्लाहचे नाव आले, इतर देवी-देवतांच्या जागी अवलिया स्त्री-पुरुष आले. ॲस्क्लेपियसला मात्र कुणी हटवले नाही. मुसलमान हकीम त्याचे नाव घेऊन शपथ वाचत राहिले. मालेगावच्या तिब्बिया कॉलेजात शिकणारी मुले ज्या शास्त्राला यूनानी म्हणतात, त्याची वाट अशी या जोत्यावरून गेलेली आहे.

शेजारीच ते प्रसिद्ध नाट्यगृह. डोंगराच्या कुशीत पायऱ्यांच्या ५५ रांगा, चौदा हजारांच्या आसपास माणसे बसतील एवढे. मध्यभागी कुणी हलके बोलले तरी वरपर्यंत ऐकू येते, असे म्हणतात. प्रत्येक पर्यटक टाळी वाजवून ते तपासतोच. बगदादच्या भाषांतरकारांनी ग्रीकांचे वैद्यक घेतले, गणित घेतले, तर्कशास्त्र घेतले. हे एक तेवढे घेतले नाही. दहाव्या शतकात अबू बिश्र मत्ताने अरस्तूच्या काव्यशास्त्राचे भाषांतर केले, तेव्हा शोकांतिकेसाठी ‘मदीह’ म्हणजे स्तुतिकाव्य आणि सुखांतिकेसाठी ‘हिजा’ म्हणजे निंदाकाव्य असे शब्द वापरले. समोर रंगमंच नसेल तर दुसरे काय करणार? थोर इब्न रुश्दही त्याच वाटेने गेला. होमरचे ‘इलियड’ अरबी पद्यात यायला १९०४ साल उजाडले. सुलैमान अल-बुस्तानीने ते कैरोला छापले.

या नाट्यगृहात उन्हाळ्यात आजही प्राचीन नाटके होतात. त्यांतले एक एस्किलसचे ‘इराणी’, इ.स.पू. ४७२ मधले. एस्किलस स्वतः मॅराथॉनला इराण्यांशी लढलेला. पण नाटक त्याने रचले ते हरलेल्या शत्रूच्या घरातले : इराणची राजमाता, म्हातारे दरबारी, परत न आलेल्या पोरांसाठी होणारा आकांत. ज्यांनी हे युद्ध जिंकले त्यांनीच ते पायऱ्यांवर बसून पाहिले आणि त्या वर्षीचे पहिले बक्षीस त्याला दिले. त्या नाटकातले इराणी ग्रीकांना ज्या नावाने हाक मारतात ते आहे ‘इयाओनेस’. यवन.