एमे जाके : एका फुटबॉल-शिक्षकाची कसोटी

इ. स. १९९३ च्या नोव्हेंबरांत पॅरिस येथें फ्रान्स व बल्गेरिया यांचा फुटबॉलचा सामना चालला होता. पुढील वर्षीं अमेरिकेंत व्हावयाच्या जागतिक स्पर्धेंत प्रवेश मिळण्यास फ्रान्सला केवळ बरोबरी पुरेशी होती. परंतु खेळ संपण्यास कांहीं क्षणच उरले असतां कोस्तादिनोव्हनें गोल केला, आणि १-२ अशा पराभवानें सारें राष्ट्र सुन्न झालें. मुख्य शिक्षक उलिए यांनीं पद सोडलें. त्या भग्न संघाची धुरा त्यांचे साहाय्यक एमे जाके यांच्याकडे आली. तीही प्रथम तात्पुरतीच.

जाके यांचा जन्म १९४१ सालीं ल्वार परगण्यांतील एका लहानशा गांवीं झाला. तरुणपणीं ते कारखान्यांत यंत्रावर काम करीत व उरल्या वेळांत फुटबॉल खेळत. १९६० सालीं सेंत एत्येनच्या संघानें त्यांना घेतलें. पुढें कारखाना सुटला, पण कारखान्याची शिस्त सुटली नाहीं. मधल्या फळींत राबणाऱ्या या धंदेवाईक खेळाडूनें १९६४ ते १९७० या काळांत संघाबरोबर पांच वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. १९७६ मध्यें ते लियों येथें शिक्षक झाले. नंतर बोर्दोच्या संघानें त्यांच्या हाताखालीं १९८४, १९८५ व १९८७ हीं तीन अजिंक्यपदें जिंकलीं.

राष्ट्रीय संघाची उभारणी त्यांनीं बचावापासून केली. १९९४ च्या ऑगस्टमध्यें झिनेदिन झिदान या तरुणास त्यांनीं प्रथम मैदानांत उतरविलें. त्यानें त्याच सामन्यांत दोन गोल केले. उलट, लोकप्रिय कांतोना यास १९९६ च्या युरोपीय स्पर्धेसाठीं निवडलें नाहीं. तेथें उपांत्य सामन्यांत पेनल्टींवर पराभव होतांच टीकेला धार चढली. 'लेकीप' हें क्रीडा-दैनिक तर त्यांच्या मागेंच लागलें. खेळ नीरस, शिक्षक असमर्थ, असा गवगवा झाला. त्यांच्या ग्रामीण बोलण्याचीही थट्टा झाली. जाके यांनीं आपली आंखणी बदलली नाहीं.

१९९८ ची जागतिक स्पर्धा फ्रान्समध्येंच भरली. पॅराग्वेविरुद्ध ब्लांचा गोल ज्यादा वेळांत झाला. इटलीविरुद्धचा निकाल पेनल्टींवर लागला. क्रोएशियाविरुद्धचे दोन्ही गोल तुराम या बचावपटूनें केले. १२ जुलै रोजीं अंतिम सामन्यांत ब्राझीलचा ३-० असा पाडाव झाला. सात सामन्यांत फ्रान्सवर अवघे दोन गोल झाले. ज्या बचावाची टवाळी झाली होती, त्यानेंच चषक आणला.

'लेकीप'च्या संपादकानें आपली चूक छापून कबूल केली. जाके यांनीं मात्र क्षमा करण्याचें साफ नाकारलें. कोणास हा ताठा वाटेल; परंतु अपमानाचे घाव विजयाच्या गुलालानें बुजत नाहींत. पूर्वीं जाहीर केल्याप्रमाणें त्यांनीं संघ सोडला, आणि २००६ पर्यंत देशाच्या फुटबॉल-शिक्षणाची व्यवस्था पाहिली. त्यांच्या विजयी संघाचा नायक दिदिए देशां हा पुढें स्वतः शिक्षक झाला, व २०१८ मध्यें त्याच्या संघानें तोच चषक पुन्हां फ्रान्सला मिळवून दिला. निंदकांना जाके यांनीं क्षमा केली नाहीं. परंतु ज्या विद्येपायीं निंदा सोसली, ती विद्या पुढच्या पिढीस देतांना हात आंखडला नाहीं.