कूपन पुढं करा, बोलू नका

१९२८ साली अमेरिकेत मोडेस नावाच्या सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीत एक कूपन छापलेलं असायचं. ते कापून दुकानात न्यायचं, काउंटरवर मुकाट्यानं ठेवायचं आणि खोका घेऊन घरी यायचं.

पॅड नवं नव्हतं. पहिल्या महायुद्धात किम्बर्ली-क्लार्क कंपनी जखमा बांधायला लाकडाच्या लगद्यापासून सेल्युकॉटन बनवायची. नर्सेसनी ते पाळीसाठी वापरलं. युद्ध संपल्यावर या मालाला गिऱ्हाईक हवं होतं, आणि १९२०मध्ये कोटेक्स आलं. अडचण एकच: पुरुष दुकानदाराकडं ते मागायचं कसं? मग काही दुकानांत काउंटरवर खोके, शेजारी पैसे टाकायला डबा.

मोडेस जॉन्सन अँड जॉन्सनचं. त्यांनी सल्ला घेतला लिलियन गिलब्रेथ यांचा. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मला हे नाव एकदाही कुणी सांगितलं नाही. इंडस्ट्रियल इंजिनियर, मानसशास्त्रात पीएचडी, १२ मुलांची आई. १९२४मध्ये नवरा गेल्यावर दोघांच्या फर्मची कामं तुटली. कंपन्यांना बाईचा सल्ला नको होता. बायकांच्या वस्तूंसाठी मात्र चालत होता! लिलियनबाईंनी हजाराहून जास्त बायकांना प्रश्न विचारले. आज ऑफिसात आम्ही याला ‘यूजर रिसर्च’ म्हणतो. १९२७च्या अहवालात उत्तरं आली: पॅड फार मोठं आहे, आम्ही घरी कापून बेताचं करतो, कपड्यांतून दिसायला नको, खोक्यावरून कळायला नको.

कंपनीचं कूपन म्हणजे वर्कअराउंड. मूळ बग तसाच. तरी मी त्याला नावं ठेवणार नाही, कारण जिला तोंड उघडणं अशक्य होतं तिला त्या दिवशी पॅड मिळालं. आपल्या मेडिकलवाल्याची काळी पिशवी त्याच कुळातली. फरक एवढाच, की कूपन बाई स्वतः कापायची. पिशवी न मागता मिळते.

काही गोष्टी मात्र कूपननं मिळत नाहीत. जुलै २०१७मध्ये आपल्याकडं पॅडवर १२ टक्के जीएसटी लागला. कुंकवाला करमाफी आणि पॅडला कर, यावर बायका उघडपणे बोलल्या, कोर्टात याचिका गेल्या, आणि जुलै २०१८मध्ये तो शून्य झाला. किंमत तेवढी उतरली का? हिशेब तसा नाही. करमाफ वस्तूच्या कच्च्या मालावर भरलेला कर कंपनीला परत मिळत नाही, तो किमतीतच मुरतो. हे पाकिटावर कुठं छापलेलं नसतं, काळ्या पिशवीतून बाहेर काढून पाहिलं तरी.