शेरा, विनय आणि एक विशेषण

कचेरीच्या मराठीत ‘शेरा’ हा शब्द जुना आहे. साहेब फाइलीच्या समासात दोन ओळी लिहितात तो शेरा. वर्षाअखेरीस गोपनीय अहवालात पडतो तोही शेरा. आणि रस्त्याने जाणाऱ्या बाईकडे पाहून नाक्यावरची टोळी जे बोलते, त्यालाही आपण शेराच म्हणतो. फरक एवढाच की पहिले दोन शेरे लिहितात आणि तिसरा मारतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३च्या डिसेंबरात लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयात दर्शनी जागी सूचना लावावी लागते. मी तेव्हा दिल्लीतल्या एका कार्यालयात भाषांतराचे काम करीत होतो. महाराष्ट्रातल्या शाखांसाठी त्या सूचनेचे मराठी करायचे काम माझ्याकडे आले.

‘लैंगिक अर्थाचे शेरे’ हे शब्द सहज सुचले. अडलो ते एका विशेषणापाशी. कायद्यात छळाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्या साऱ्यांच्या आधी एकच अट घातली आहे : ते वर्तन ‘अनवेलकम’ असले पाहिजे. या एका शब्दामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, हे मला ते भाषांतर करताना समजले.

त्याआधीचा आपला शब्द होता विनयभंग. १८६०च्या भारतीय दंड संहितेतले कलम ५०९ म्हणजे स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने काढलेला शब्द, केलेला आवाज किंवा हावभाव. वर्तमानपत्रांनी हा शब्द इतका वापरला की त्याचा अर्थ तपासावा असे कुणाला वाटेनासे झाले. नीट पाहिले तर इथे मोडते काय, तर तिचा विनय. म्हणजे आधी तो तिच्याकडे असायला हवा. मग ती कशी वागत होती, काय नेसली होती, हसली होती का, हे प्रश्न ओघानेच येतात. बोलणाऱ्याचा हेतूही सिद्ध करावा लागे, आणि ‘मी तर कौतुक करीत होतो’ असे म्हणणाऱ्याचा हेतू सिद्ध करणे किती अवघड, हे सांगायला नको.

दुसरीकडे, काही नोकऱ्यांत दिसणे हाच कामाचा भाग मानला जाई आणि तिथे शेरा मारणारी खुद्द संस्थाच असे. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. (‘हवाई सुंदरी’! या पदाला मराठीने आणि हिंदीने दिलेले नावच पाहा. परिचारिका, शिक्षिका, टंकलेखिका यांच्या नावात काम आहे. हिच्या नावात रूप.) तिथल्या नियमाप्रमाणे हवाई सुंदरीने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर तेव्हा, किंवा पहिल्या गरोदरपणाला, यांतले जे आधी होईल तेव्हा निवृत्त व्हायचे. त्याच विमानात काम करणारा पुरुष साहाय्यक अठ्ठावन्नपर्यंत राही. पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही, हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर होते.

न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि संचालकाची ती मर्जी रद्द केली. तरुण व आकर्षक स्त्री प्रवाशांना अधिक चांगली हाताळते, या युक्तिवादाचाही समाचार घेतला : बायका शोभेच्या वस्तू म्हणून ठेवायच्या नसतात, अनुभवी स्त्री प्रवाशांची काळजी अधिक चांगली घेऊ शकते. मात्र चार वर्षांत लग्न न करण्याची अट त्याच न्यायालयाला वाजवी वाटली. निकालाचे कौतुक करताना हा भाग गाळला जातो, म्हणून मुद्दाम सांगतो.

विशेषण बदलले ते मात्र विमानात नव्हे, की काचेच्या कार्यालयात नव्हे. जयपूरजवळच्या भटेरी गावात भंवरी देवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत. १९९२ साली त्यांनी एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. भंवरी देवींचे कामाचे ठिकाण म्हणजे गावच्या गल्ल्या आणि लोकांचे उंबरे. तिथे त्यांचे रक्षण करण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न ‘विशाखा’ आणि इतर संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल लागला. तीन न्यायमूर्तींच्या त्या पीठावर सुजाता मनोहर होत्या. मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश त्याच. संसदेचा कायदा होईपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वे त्या निकालाने घालून दिली. पाच प्रकारांची यादी आणि ‘अनवेलकम’ ही अट तिथूनच २०१३च्या कायद्यात आली. म्हणजे सोळा वर्षे देशातल्या कार्यालयांचा कारभार न्यायालयाच्या एका निकालावर चालला होता. निदान चालायला हवा होता.

मधल्या काळात, १९९९ साली, एका निर्यात संस्थेतल्या अधिकाऱ्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याने स्त्रीला प्रत्यक्ष स्पर्श केल्याचे सिद्ध होत नाही, म्हणून उच्च न्यायालयाने त्याला कामावर परत घ्यायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी कायम केली. स्पर्श झालाच पाहिजे, हा हट्ट तिथे संपला.

कौतुकाला कायद्याने बंदी केलेली नाही. ‘साडी छान आहे’ म्हटल्याने कुणी समितीपुढे उभा राहत नाही. पण ‘साडी छान आहे’ आणि ‘साडीत छान दिसता’ यांत एक पायरी आहे, आणि ‘दिसता’ व ‘दिसतेस’ यांत दुसरी. हिंदीत आप आणि तुम, बंगालीत आपनि आणि तुमि. आपल्या बहुतेक भाषांत ही पायरी क्रियापदातच बसवलेली आहे आणि ती उतरणाऱ्याला आपण काय केले ते पुरते ठाऊक असते. तिसरी पायरी हुद्द्याची. शिपायाने साहेबीणबाईंना तेच वाक्य म्हटले तर तो आगाऊपणा ठरतो. साहेबांनी टंकलेखिकेला म्हटले तर मनाचा मोठेपणा.

हे मी तिऱ्हाईतासारखे लिहितो आहे, पण तसा मी नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या एका कचेरीत मी नवा होतो. आमच्या विभागात एक टंकलेखिका होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्या दारातून आत आल्या की मी मोठ्याने विचारी, “काय बाई, आज कुणाच्या लग्नाला?” सगळे हसत, त्याही हसत. रोज नवे काहीतरी सुचले पाहिजे, याचा मला एक छंदच लागला होता. काही महिन्यांनी त्या दहा मिनिटे आधी येऊ लागल्या. आम्ही पोचू तेव्हा त्या यंत्रामागे बसलेल्या असत, खांद्यावरून पदर घट्ट लपेटून. दाराचा प्रसंगच उरला नाही. बाईंना वक्तशीरपणाचे वेड लागले आहे, असे मी म्हणालो आणि त्यावरही सगळे हसले. त्या तक्रार कुठे करणार होत्या? विशाखाच्या आधीचा तो काळ, आणि विनय तर त्यांचा शाबूतच होता.

सूचनेच्या मसुद्यात ‘अनवेलकम’साठी मी ‘नकोसे’ लिहिले. ‘अस्वागतार्ह’ लिहून पाहिले, ते जिभेवर बसेना. ‘नकोसे’ म्हटले की प्रश्न ‘कुणाला?’ असाच येतो आणि उत्तर एकाच माणसाकडे असते. मसुदा वरून परत आला तेव्हा समासात लाल शाईत शेरा होता : “शब्द घरगुती वाटतो. बदलावा.”

महाराष्ट्रातल्या शाखांच्या भिंतींवर ‘अवांछित’ लागले.