मुळी कुणाची, प्रमाण कुणाचे?

नैसर्गिक औषधांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो, हे सारे ऋषिमुनींनी दिलेले. दुसरा म्हणतो, हे सारे थोतांड. या दोन्ही तटांत माझ्या आजीला जागा नाही.

आजी महारवाड्यात राहायची. तिला अक्षरओळख नव्हती. निरगुडी, आघाडा, अडुळसा, भुईआवळी ती पानावरून, मुळीवरून, वासावरून ओळखायची. गावात कुणाचा बैल पोट फुगून अडला की तिला बोलावणे यायचे. ती अंगणाबाहेर उभी राहून पाला खाली ठेवायची. घरधनी त्यावर पाणी शिंपडून तो आत न्यायचा. तिचे ज्ञान चालत होते, हात चालत नव्हता.

ही रीत एका गावापुरती नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की वनस्पती नावारूपाने ओळखतात ते शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि रानात राहणारे लोक. पण लगेच पुढे बजावले आहे की नुसती ओळख पुरेशी नाही. उपयोगाची युक्ती जाणतो तोच खरा जाणकार. वैद्यकाच्या दृष्टीने हे चूक नाही. प्रश्न पुढचा आहे. ती युक्ती शिकण्याचा अधिकार कुणाला? चरक तीन वर्णांची नावे घेतो. कुलगुणसंपन्न शूद्राला उपनयनावाचून, मंत्र वगळून शिकवावे, असे काहींचे मत सुश्रुतसंहिता नोंदवते. त्याखालच्यांचा उल्लेखच नाही. मनुस्मृती तर वैद्याचे अन्नही निषिद्ध ठरवते. म्हणजे रानातून मुळी आणणारा विद्येबाहेर आणि रोग्याला हात लावणारा पंक्तीबाहेर. प्रतिष्ठा राहिली ती पोथीला.

अशा माहीतगारांची नावे इतिहासात सहसा उरली नाहीत. एक नाव मात्र केरळात उरले. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ सिद्ध केला. 1678 ते 1693 या काळात त्याचे बारा खंड आम्स्टरडॅमला छापले गेले. त्याला माहिती देणारा प्रमुख वैद्य इट्टी अच्युतन हा एझवा जातीचा, म्हणजे तिथल्या सवर्णांच्या लेखी अस्पृश्य होता. त्याच्यासोबत रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. अच्युतनचे 1675 चे प्रमाणपत्र आणि या तिघांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात शेजारी शेजारी छापले आहे. आपल्या समाजाने त्यांना एका पंक्तीला बसवले नसते, छापखान्याने बसवले. पण हेही विसरू नये की ग्रंथ लॅटिनमध्ये निघाला आणि ज्या भूमीतून हे ज्ञान गेले तिथल्या भाषेत तो यायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

स्वतंत्र भारताने ही विषमता मोडली का? 1940 च्या औषध कायद्यात 1964 साली आयुर्वेदिक व युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. कारखान्याला परवाना लागू लागला, हे चांगलेच झाले. पण आयुर्वेदिक औषध म्हणजे काय? पहिल्या परिशिष्टातील प्रमाणग्रंथांत सांगितलेल्या पाठानुसार बनवलेले ते. चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय, भावप्रकाश अशी ती यादी. 2010 मध्ये आलेल्या नियम 158-ब नुसार ग्रंथोक्त औषध ग्रंथोक्त उपयोगासाठीच विकायचे असेल तर सुरक्षिततेचा नवा अभ्यास लागत नाही. ज्या शब्दप्रामाण्याशी आपण धर्माच्या क्षेत्रात झुंजलो, ते औषधाच्या परवान्यात सुखाने नांदते आहे.

लाभाच्या वाटणीतही तेच. 2002 च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समूहांचा वाटा मान्य केला. 2023 च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना त्या वाटणीतून सूट दिली. ज्ञान पोथीत शिरले की ते सर्वांचे होते, आणि ज्याच्या तोंडून ते पोथीत शिरले त्याचे काहीच उरत नाही.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हा लेख आजीचा गौरव ठरला असता. पण मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आईचे गुडघे धरले. निरगुडीचा शेक तिला 'गावंढळ' वाटू लागला होता. बाजारातून एक चूर्ण मी आणले. डब्यावर पानाचे चित्र होते, 'शंभर टक्के नैसर्गिक' आणि 'शास्त्रोक्त' असे छापले होते. परवाना क्रमांक मी पाहिला नाही. आठवड्यात आई चालू लागली. तीन महिन्यांत तिचा चेहरा सुजला, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, चूर्णात स्टेरॉइड असावे. डबा कधीच टाकून दिलेला. तपासायला काही उरले नव्हते. आई एवढेच म्हणाली, "तू वाचून आणलंस म्हणून घेतलं."

घरातला पहिला पदवीधर मी. वर्गात चिकित्सा शिकवतो आणि छापील अक्षरापुढे मान तुकवतो! शब्दप्रामाण्य फक्त त्यांच्या घरात नाही, ते माझ्याही हाडात आहे.

मधुमेह, कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या आपण रोज पाहतो. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी परवानगी घ्यावी, असा नियम 170 डिसेंबर 2018 मध्ये आला. 1 जुलै 2024 च्या अधिसूचनेने केंद्र सरकारनेच तो वगळला. या जाहिरातींचे बळी कोण? दवाखाना दूर आणि तपासणी महाग असलेली आपलीच वस्ती.

आणि वनस्पती खरी असली तरी प्रश्न संपत नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी ओळखलेली नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. गंमत पाहा! सारा वाद येऊन थांबला तो वेल ओळखण्यापाशी, जे गुराख्याचे ज्ञान म्हणून बाजूला सारले होते त्याच्यापाशी.

म्हणून मला वाटते, आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. ज्याचे ज्ञान त्याचे नाव आणि वाटा त्याला मिळाला पाहिजे. गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या आहेत. आपल्या गावच्या वहीत वस्तीतल्या म्हातारीचे नाव आहे की नाही, हे विद्यार्थ्यांनी जाऊन पाहावे. आणि औषध ऋषीचे असो, कारखान्याचे असो की माझ्या आजीचे, त्याची परीक्षा झालीच पाहिजे. ग्रंथात आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे बुद्धाने कालामांना सांगितले होते. त्यात आजीला सवलत नाही. तिला ती नकोही होती. पाला बदलायचा की नाही हे ती दुसऱ्या दिवशी बैलाकडे पाहून ठरवायची.