निर्णयाआधीं हिशेब

नवा शोध लागणें कठीण खरें. परंतु लागलेला शोध योग्य ठिकाणीं पोंचणें त्याहूनहि कठीण असतें. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरीं लिगिन्स व हाउई या दोन डॉक्टरांनीं १९७२ सालीं एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवस भरण्यापूर्वींच प्रसूत होण्याचा संभव असलेल्या स्त्रियांना बीटामेथॅसोन हें औषध टोंचल्यास बालकांचा श्वासविकार व मृत्यु कमी होतात, असें त्यांना आढळलें. पुढें इतरांनींहि तसे प्रयोग केले. पण त्यांतील कांहीं लहान होते, आणि सुटे सुटे पाहतां त्यांची साक्ष संदिग्ध वाटे. त्या सर्वांचें एकत्र, पद्धतशीर पर्यालोचन १९८९ पर्यंत प्रसिद्ध झालें नाहीं. मधल्या सतरा वर्षांत हें औषध किती गुणकारी आहे, तें बहुतेक प्रसूतितज्ज्ञांच्या ध्यानींच आलें नाहीं. आणि वांचूं शकलीं असतीं अशीं कितीतरी बालकें दगावलीं.

मग त्या काळीं समालोचनपर लेख लिहिले जात नव्हते काय? विपुल लिहिले जात होते. अमेरिकेतील सिंथिया मलरो यांनीं चार प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांतील, १९८५-८६ मधील असे पन्नास लेख तपासून आपला निष्कर्ष १९८७ सालीं प्रसिद्ध केला. आधारभूत माहिती कशी शोधली, कशी निवडली व कशी पारखली, हें स्पष्ट सांगणारा लेख त्यांत अवघा एक निघाला! पंडितानें निर्णय द्यावा आणि वाचकानें तो मान लववून स्वीकारावा, अशीच ती रीत होती.

ही रीत मोडण्यासाठीं १९९६ सालीं शिकागो येथें डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ व संपादक एकत्र बसले. त्यांतून १९९९ सालीं ‘क्वोरम’ हें निवेदन निघालें, आणि २००९ सालीं त्याची जागा ‘प्रिझ्मा’नें घेतली. प्रिझ्माची यादी २७ कलमांची आहे. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या सुधारित आवृत्तींतहि ती संख्या कायम राहिली. किती लेख सांपडले, किती व कोणत्या कारणास्तव गाळले आणि अखेर किती उरले, याचा हिशेब लेखकानें एका आकृतींत मांडावयाचा असतो.

अशा यादीनें वाईट प्रयोग चांगला होत नाहीं, कीं लेखकाला विवेक येत नाहीं. परंतु वही उघडी असली म्हणजे बेरजेंतील चूक कोणालाहि दाखवितां येते; आणि वैद्यकांत त्या बेरजेवर माणसांचे प्राण अवलंबून असतात.